लांबचा ऊस

गाईचं वय दातांवरून ओळखायचं असतं, हे मला नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात इंदापूर तालुक्यातल्या एका गोठ्यात कळलं. गुरांच्या डॉक्टरांनी संकरित गाईचा खालचा ओठ अंगठ्याने दाबला आणि मला म्हणाले, "वाका, बघा. दुधाचे दोन पडून नवे आले ती दोनदाती. मग चारदाती, सहादाती. सगळे आले की जुळली. त्यापुढं किती झिजलेत ते बघायचं." मी नवी, इस्त्री केलेली पँट घालून गेलो होतो. वाकलो. साल १९९१. सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीच्या बारामती शाखेत मी विकास अधिकारी म्हणून लागलो होतो, आणि विकास म्हणजे तेव्हा बहुतेक गाई. बँकेच्या कर्जावर घेतलेली गाय, तिचा विमा, तिच्या कानात बिल्ला. गाय मेली तर बिल्ल्यासकट कान कापून ऑफिसात आणायचा. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. मे महिन्यात भिगवणहून एसटीने आलेला असा कान टेबलावर ठेवून जेवणाचा डबा उघडायची सवय मला वर्षभराने लागली.

कर्जाच्या गाईत निवडीचा प्रश्न नव्हता. बँकच सांगायची, विमा घ्या. गंमत बिनकर्जाच्या गाईंची. गोठ्यात सहा गाई असायच्या, पण विम्याला पुढे यायच्या त्या दोन, ज्यांच्याबद्दल मालकाला स्वतःलाच धाकधूक वाटत असे. बाकीच्या चार तो जवारीच्या कडब्याआड बांधून ठेवायचा. लबाड होता असं नाही. चांगल्या गाईचे पैसे कशाला भरायचे, एवढा साधा हिशोब. आमच्या शाखेत निवृत्तीला आलेले एक साहेब होते. ते मला म्हणाले, "गाय घेऊ नकोस. घेतलास तर अख्खा गोठा घे." हे वाक्य मी पुढची चार वर्षं गुरांच्या बाजारात आणि दूध डेअऱ्यांच्या ओट्यावर म्हणत फिरलो. त्याचा खरा अर्थ मात्र माणसांच्या विम्यात शिरल्यावर लागला, तोही उलट्या बाजूने.

मेडिक्लेम १९८६ सालीच आला होता. माझ्या हातून तो खपायला लागला नव्वदीच्या शेवटाला, बारामतीतले डॉक्टर, कापडवाले, आडते यांच्यात. इथे पुढे येणारा गोठ्याच्या मालकासारखाच असतो. मूल हवंय, पोटात दुखतंय, वडिलांना परवा घेरी आली, की माणसाला विम्याची आठवण येते. म्हणून मीही दात बघायला शिकलो. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं, जिना उभा. गिऱ्हाईक घरी बोलवत असलं तरी मी म्हणायचो, ऑफिसात या, कागदपत्रं तिथंच करू. जिना चढून आल्यावर तो किती श्वासांनी बोलायला लागतो ते ऐकायचं. मग चहा मागवायचा. बिनसाखरेचा सांगितला की मी पेनाचं टोपण लावायचो. उसाच्या पट्ट्यात राहून चहात साखर नको म्हणणारा माणूस, त्याचं कारण विचारायची गरज नसते.

ही युक्ती कुणी शिकवली नव्हती. कंपनीच्या कुठल्याही परिपत्रकात ती सापडणार नाही. सगळ्यांना येत मात्र होती.

२००४ साली आमच्या चारही सरकारी कंपन्यांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. मी ती घेतली आणि एका खासगी कंपनीत गेलो. तिथे दर महिन्याला एक कागद यायचा. माझ्या नावापुढे एक आकडा: मी आणलेल्या शंभर रुपयांच्या प्रीमियमवर कंपनीने किती रुपयांचे क्लेम दिले. क्लेम रेशो. माझा पन्नासच्या खाली असायचा. त्याबद्दल मला दोनदा गोव्याची सहल मिळाली, आणि दुसऱ्यांदा समुद्रात पाय सोडून बसलो असताना लक्षात आलं की आपण विकण्यात हुशार ठरलेलो नाही. आपण नाकारण्यात हुशार आहोत. नाकारतो आहोत हे समोरच्याला कळू न देण्यात तर फारच.

यात कोणी दुष्ट नाही, हे आधी सांगायला हवं, कारण लोक विमा कंपन्यांना शिव्या घालून मोकळे होतात. समजा दोन कंपन्या आहेत आणि दोघींना सांगितलं, की तिशीतला असो की साठीतला, सगळ्यांना दहा हजारच लावा. तिशीतल्याचा वर्षाचा खर्च सरासरी चार हजार, पासष्टीतल्याचा पंचवीस हजार. आता जी कंपनी म्हाताऱ्यांची नीट सोय लावील, रुग्णालयात तिचा माणूस उभा राहील, बिल लवकर देईल, तिच्याकडे म्हातारे जमा होतील आणि ती बुडेल. जी व्यायामशाळेत जाहिरात लावील ती तरेल. शहाणपणाने चालवणारी बुडते आणि चेहरे बघणारी तरते. मग दुसऱ्या वर्षी शहाणीसुद्धा चेहरे बघायला लागते. आणि सगळ्यांना एकच दर असं बंधन नसेल, वयाप्रमाणे दर लावायची मोकळीक असेल, आपल्याकडे आहे तशी, तर पासष्टीतल्याला पंचवीस हजारांवर कंपनीचा खर्च नि नफा चढवून सांगितलं जातं. तो म्हणतो, राहू द्या. दोन्ही वाटांनी म्हातारा बाहेरच.

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. तिथल्या कायम कामगारांना ग्रुप पॉलिसी होती. ग्रुप पॉलिसी म्हणजे आमच्या जुन्या साहेबांचा अख्खा गोठा. माणसं आजारासाठी जमलेली नसतात, नोकरीसाठी जमलेली असतात. म्हणून जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात, जिना चढायला लावत नाहीत. (ठेकेदाराकडचे कामगार त्याच मशिनवर, त्याच पाळीत, पण ते गोठ्याबाहेर. ही वेगळी तक्रार आहे.) त्या पॉलिसीत कामगारांचे आईवडीलही होते. दोन वर्षं क्लेम वाढले, विमा कंपनीने नूतनीकरणाचा दर चढवला, आणि कारखान्याच्या व्यवस्थापनाने सर्वात सोपी काट मारली: आईवडील काढले. पुढचे सहा महिने तिथली पोरं एकेक करून माझ्याकडे येत होती. मी ज्यांचे आईवडील घेतले त्यांची संख्या सांगायला लाज वाटते.

त्यातला एक फिटर लक्षात राहिलाय. वडील अठ्ठावन्न वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला. मुलगा सगळे कागद व्यवस्थित प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आला होता, काही लपवलं नव्हतं. मी फॉर्म भरला, मनात उत्तर माहीत असताना. तीन आठवड्यांनी नकार आला. तो म्हणाला, "साहेब, मग खोटं लिहिलं असतं तर?" मी म्हणालो, मग क्लेमच्या वेळी नकार आला असता. तो हसला. पिशवीची घडी घालून खिशात ठेवली. त्याला कोणी सांगितलं होतं की आता पोर्टेबिलिटी आलीय, जुन्या पॉलिसीची वर्षं नव्या कंपनीत धरतात. खरं आहे, ऑक्टोबर २०११ पासून ती सोय आहे. पण नव्या कंपनीला तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क तसाच राहिला. म्हणजे जो धडधाकट आहे तो हवी ती कंपनी बदलू शकतो, आणि ज्याला बदलायची खरी गरज आहे त्याला दारातच अडवतात. स्पर्धा वाढावी म्हणून आणलेली गोष्ट. स्पर्धा वाढलीही, धडधाकट माणसासाठी.

*

आपल्या देशात कंपन्यांनी आपसांत जोखीम वाटून घ्यायचा एक प्रयोग झाला होता, आणि तो मी जवळून पाहिला. आरोग्याचा नव्हे, ट्रकचा.

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा. दर तेव्हा नियामक ठरवायचा. कंपनीला नाकारायची मुभा नाही. दर कंपनीला परवडणारा नव्हता, अपघाताच्या भरपाईला वरची मर्यादा नव्हती, आणि नकार देता येत नव्हता. मग काय व्हायचं? ऊस वाहणारा ट्रकवाला हंगामाच्या तोंडावर ऑफिसात आला, की साहेब पुण्याला गेलेले असायचे. कव्हरनोटचं पुस्तक संपलेलं असायचं. प्रिंटर बिघडलेला असायचा. मी स्वतः एकदा मागच्या दाराने निघून रसवंतीत जाऊन बसलो होतो, आणि पंधरा मिनिटांनी तोच ट्रकवाला तिथे रस प्यायला आला.

यावर तोडगा म्हणून १ एप्रिल २००७ पासून सगळ्या कंपन्यांचा एक पूल केला. व्यापारी वाहनांचा थर्ड पार्टी धंदा कोणीही लिहा, तो पुलात जाईल. आणि पुलाचा तोटा सगळ्या कंपन्या आपापल्या एकूण बाजारहिश्शाप्रमाणे सोसतील. ऐकायला रास्त. ट्रकवाल्यांना पॉलिसी मिळायला लागली, आमचा प्रिंटर सुधारला. पण तोटा आपला एकट्याचा नाही म्हटल्यावर क्लेम नीट तपासायची, कोर्टात नेटाने उभं राहायची, खोटा पंचनामा हुडकायची उठाठेव कोण करणार? ज्याने तपासला त्याचा खर्च त्याचा, वाचलेले पैसे सगळ्यांचे. भाऊबंदकीतल्या सामाईक विहिरीसारखं झालं. उपसा सगळ्यांचा, गाळ काढायला कोणी नाही. २०११ च्या मार्चमध्ये नियामकाने हिशोब मांडला तेव्हा शंभर रुपये प्रीमियममागे १५३ रुपयांची तरतूद करा असं सांगावं लागलं. वर्षभराने, ३१ मार्च २०१२ ला पूल मोडला.

त्या वेळी आम्ही सगळे म्हणालो, बघा, वाटून घेणं चालत नाही. हा निष्कर्ष चुकीचा होता, पण तो चुकीचा का होता हे मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घरच्या ओसरीवर कळलं.

*

आमचं गाव नीरा डाव्या कालव्यावर. हा कालवा १८८५ चा; पुढे विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर त्यांची ब्लॉक पद्धत बसवली, पाणी सगळ्यांना पुरावं म्हणून. वर बारामती, खाली इंदापूर. आमच्याकडची निम्मी भांडणं हेड आणि टेलची असतात. थोरले बंधू शेती बघतात. त्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, त्यांचा मुलगासुद्धा, कारण लहानपणी त्याने आम्हा भावांच्या तोंडून तेच ऐकलं. हा पुतण्या संगणकाच्या कामावर नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला असतो. एका दिवाळीत आला होता. फराळ झाल्यावर दादांनी कारखान्याचं उसाचं बिल काढलं आणि नेहमीचं सुरू झालं.

"धुराडं आपल्या बांधावरनं दिसतंय. बैलगाडी अर्ध्या तासात काट्यावर. आन् वाहतूक कापत्यात ती चाळीस किलोमीटरवाल्याएवढी!"

ज्यांना उसाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखाना उसाच्या दरातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापून घेतो. आमच्या भागातली जुनी रीत अशी, की सगळ्या उसाच्या तोडणी-वाहतुकीचा एकूण खर्च काढायचा, टनांनी भागायचा, आणि जी सरासरी येईल ती प्रत्येकाच्या बिलातून कापायची. जवळचा थोडा जास्त देतो म्हणून लांबच्याचा ऊस कारखान्यापर्यंत येतो. जवळचे कायम कुरकुरतात. दादा गेली तीस वर्षं कुरकुरतात.

पुतण्या म्हणाला, "दादा, मी तिकडे आरोग्य विम्याला दरमहा दीडशे युरोच्या आसपास भरतो. आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या आजी आहेत. तीच कंपनी, तीच पॉलिसी. त्याही तेवढेच भरतात."

"तुला परवडतं?"

"सक्ती आहे. २००६ पासून प्रत्येकाने मूळ विमा घ्यायचाच. कंपनीने कुणालाही नाही म्हणायचं नाही, आणि एका पॉलिसीला एकच दर. अठरा वर्षांखालच्या पोरांना फुकट."

दादा लगेच म्हणाले, "म्हंजे आपली सरासरी वाहतूकच की ही."

इतकी वर्षं विम्यात घालवूनही हे नातं मला सुचलं नव्हतं. पण माझ्या धंद्याचा किडा वळवळला. मी विचारलं, "कंपनी एकच आहे का?"

"छे, बऱ्याच आहेत. खासगीच. दर डिसेंबरात बदलता येते."

"मग आजींना कोण घेईल? सगळ्या तुझ्याच मागे लागतील."

पुतण्या उत्तर जुळवत होता, तेवढ्यात दादाच बोलले. दादा दहावी नापास आहेत, पण संचालक मंडळाच्या सभेत त्यांचा प्रश्न अजून कोणाला टाळता आलेला नाही. ते म्हणाले, "बरोबर हाय ह्याचं. झोनबंदी होती तवा आपल्या हद्दीतला ऊस कारखान्याला न्यावाच लागायचा. आता चार कारखानं एकाच शिवारात फिरत्यात. समजा सरकारनं सगळ्यांस्नी सांगितलं, वाहतूक सरासरीच कापा. मग कारखान्याचा कुठला चिटबॉय लांबच्या फडात जाईल? बांधावरचा ऊस आधी तोडत्याल. लांबच्याला म्हणत्याल, तोडणीची टोळी आली न्हाई, वाढं वाळू द्या, पुढच्या पंधरवड्यात बघू. लांबचा ऊस वाटंत सुकतोय, उतारा पडतोय, ते येगळंच. मग लांबचा ऊस कुणी न्यायचा?"

टोळी आली नाही. साहेब पुण्याला गेलेत. मी फराळाच्या ताटातली चकली मोडत गप्प बसलो.

पुतण्याने मग समजावलं. नोकरदारांच्या उत्पन्नावर काही टक्के रक्कम मालकाकडून घेतली जाते, ती एका मध्यवर्ती निधीत जाते. जवळपास निम्मा पैसा तिथून. तो निधी कंपन्यांना वाटतो, पण माणशी सारखा नाही. वय काय, स्त्री की पुरुष, कुठल्या भागात राहतो, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का, मागे रुग्णालयात कशासाठी होता, हे बघून त्या माणसामागे वर्षाला साधारण किती खर्च यावा याचा अंदाज आधी काढतात, आणि तेवढे पैसे त्याच्या कंपनीला मिळतात. १९९३ ला सुरुवात केली तेव्हा फक्त वय आणि लिंग धरायचे. मग एकेक आजार, एकेक औषध वाढवत नेलं. "म्हणजे काका, आजींना घेतलं की कंपनीला निधीतून भरपूर पैसे येतात. मला घेतलं तर उलट द्यावे लागतात."

"म्हंजे लांबच्या उसाला किलोमीटरचं पैसं दुसरीकडनं येत्यात," दादा म्हणाले. "शेतकऱ्याला कापायची ती सरासरीच. पण कारखान्याला मिळायचं ते अंतरावर."

याहून नीट व्याख्या मी कुठे वाचलेली नाही, आणि त्यानंतर मी पुष्कळ वाचलं.

आणि तेव्हाच मला ट्रकचा पूल आठवला. आमची चूक कुठे होती ते कळलं. आम्ही झालेला तोटा वाटून घेत होतो. काटकसर केली काय, उधळलं काय, वाटणी तीच. डच लोक झालेला खर्च वाटत नाहीत, अपेक्षित खर्च वाटतात. मधुमेहाच्या माणसामागे अमुक इतके मिळणार हे आधी ठरलं. मग कंपनीने त्याचे पाय वेळेवर तपासले, डोळे तपासले, आणि खर्च त्याच्या आत बसवला तर उरलेले तिचे. हयगय केली तर भुर्दंड तिचा. किलोमीटरप्रमाणे पैसे दिले तर ट्रॅक्टरवाला डिझेल जपून वापरतो. पंपाची पावती दाखवा आणि पैसे घ्या म्हटलं तर कोण जपेल?

मी खुश होऊन हे सगळं सांगत होतो, तर दादांनी पुढची शंका काढली. "आरं, पण किलोमीटर मोजणार कोण? बांधावरचा ऊस चाळीस किलोमीटरवरचा म्हणून दाखवत्याल की."

अगदी हेच जर्मनीत झालं. तिथे १९९४ पासून अशी भरपाई आहे, आणि २००९ पासून तिच्यात ऐंशी आजार धरले गेले. आजार कागदावर दिसला की निधीतून पैसे. मग विमा संस्था डॉक्टरांना गळ घालू लागल्या, की रोगी आहे त्याहून थोडा जास्त आजारी लिहा. २०१६ साली टेक्निकर क्रांकेनकासे या तिथल्या सर्वात मोठ्या विमा संस्थेच्या प्रमुखानेच वर्तमानपत्राच्या मुलाखतीत हे जाहीरपणे कबूल केलं, आपल्या संस्थेसकट. पुढे कायदा आवळावा लागला. आयर्लंडमध्ये तर भांडण कोर्टात गेलं. तिथे म्हाताऱ्यांचा भार होता व्हीएचआय या जुन्या सरकारी विमा कंपनीवर. १९९७ ला आलेल्या बूपा या ब्रिटिश कंपनीकडे तरणे लोक जास्त. भरपाई द्यायची वेळ आली तशी बूपाने न्यायालयात दाद मागितली, २००६ च्या शेवटी बाजार सोडायचं जाहीर केलं, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच रद्द ठरवली. नवी योजना उभी राहायला २०१३ उजाडलं. जवळचा ऊसवाला तिथेही कुरकुरतोच, फक्त वकील महागडे असतात.

*

नोकरी मी २०१२ ला सोडली होती, ट्रकचा पूल मोडला त्याच वर्षी. तेव्हापासून स्वतःची एजन्सी आहे, बारामतीत एक गाळा, तळमजल्यावर. जिना नाही. चहा विचारतो, पण साखरेचं उत्तर ऐकून पेन बंद करत नाही. यात फार मोठेपणा नाही. माझी पोरं मार्गी लागली, गोव्याची हौस फिटली.

नियम बदलले, ते मी गेल्या बारा-तेरा वर्षांत बघतोय. २०१३ मध्ये पासष्टपर्यंत तरी प्रवेश द्या आणि आयुष्यभर नूतनीकरण करा असं आलं. १ एप्रिल २०२४ पासून वयाची मर्यादाच उठवली, जुन्या आजाराची वाट बघायची मुदत चार वर्षांवरून तीनवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करा म्हणून सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. एकेक गोष्ट स्वतंत्रपणे बघितली तर चांगलीच आहे. माझी गिऱ्हाइकं खूश झाली.

पण मी मागच्या दाराने रसवंतीत गेलेला माणूस आहे. दर बांधायचा, नकार अवघड करायचा, आणि ज्याच्याकडे म्हातारे जास्त त्याला कुठून काही द्यायचं नाही, यातून काय उगवतं ते मला ठाऊक आहे. आता प्रिंटर बिघडत नाही, सगळं मोबाइलवर आहे. आता फॉर्म 'तपासणीत' राहतो. वैद्यकीय चाचणीचं केंद्र पुण्यात निघतं, आणि इंदापूरच्या म्हातारीला उपाशीपोटी सकाळी आठला तिथे पोहोचायचं असतं. साठीपुढच्या गिऱ्हाइकाचं टार्गेट मला आजवर कुठल्याच कंपनीने दिलेलं नाही. नाही म्हणालेलं कोणी नाही; टोळी आली नाही, एवढंच.

मग सरकारी वाट उरते. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, आणि आता रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्यांना पाच लाखांपर्यंत लागू केली आहे. तिथे माणसं निवडायला स्पर्धाच नाही. अख्ख्या राज्याचा एक गोठा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मानचं वय वंदना कार्डही मिळतं. मला हे मनापासून आवडतं, आणि तरी एक शंका जात नाही. सत्तरीपुढचा सगळा भार सरकारकडे गेला, तर कंपन्यांच्या वाट्याला राहिला तो बांधावरचा ऊस. त्यांनी त्याबद्दल काहीतरी द्यायला नको? हा प्रश्न मी एका प्रशिक्षणात विचारला तेव्हा समोरचे तरुण अधिकारी म्हणाले, "चांगला मुद्दा आहे, सर," आणि पुढची स्लाइड लावली.

आपल्याकडे असली भरपाई लगेच येईल असं मी म्हणत नाही. त्यासाठी आधी सगळे आत हवेत. आपल्याकडे विमा घेणं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर, म्हणजे सहा गाईंतल्या दोनच पुढे येणार. कुणाला कोणता आजार याची नोंद एका ठिकाणी नीट हवी, आणि ती कंपनीच्या हाती खुली पडायला नको. पण निदान वय आणि लिंग एवढ्यावर तरी सुरुवात होऊ शकते. डच लोकांनी तेवढ्यावरच केली होती. वय लपवता येत नाही, आधारकार्डावर असतं. दात बघायची गरज नाही.

तो फिटर अधूनमधून भेटतो. वडील गेले, २०१९ ला. त्याने स्वतःची आणि बायकोची पॉलिसी माझ्याकडून घेतली आहे. दोघं चाळिशीतली, धडधाकट. कंपनीने दोन दिवसांत पाठवली.

दादांचं वय वंदना कार्ड गेल्या वर्षी काढलं. कार्ड हातात आल्यावर त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ह्याचं पैसं कुणाच्या बिलातनं कापत्यात?" मी म्हणालो, सगळ्यांच्याच. थोडे तुमच्या पोराच्या मावसभावाच्या पगारातून, थोडे आपण पंपावर डिझेल भरतो त्यातून. त्यांनी मान डोलावली, कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. मग या हंगामाचं पहिलं बिल आलं. मी शेजारीच बसलो होतो. त्यांनी चष्मा लावला, बोट खाली खाली नेत तोडणी-वाहतुकीच्या ओळीवर आणलं आणि तिथे थांबवलं.

"कळतंय रं सगळं," म्हणाले, "पण कापत्यात तवा दुखतंयच." आणि धुराड्याकडे बघून एक शिवी घातली.